सहा मित्र, एक गाडी, एक दिवस: बालाघाटची ट्रिप कमी पैशात कशी बसवायची

नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाला की आमच्याकडं फोन येतात, "दादा सहा जण आहोत, कुठंतरी हिरवंगार दाखवा आणि स्वस्तात बसवा", आणि निम्म्यांच्या डोक्यात आधीच महाबळेश्वर असतं. जा की, गाडी तिकडंही देतो, पण बीडहून जायला एक दिवस, यायला एक दिवस, वर रूमचं भाडं, म्हणजे बजेट तिथंच संपलं. त्यापेक्षा आपल्या बीडकडची बालाघाटची डोंगररांग बघा, मुक्कामच नको.

आधी हिशेब. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला कमीत कमी ३०० किमी धरतात, तुम्ही १५० फिरा नाहीतर ३००, पैसे तेवढेच. समजा एर्टिगाचा रेट १४ रुपये किमी, तर ४,२०० झाले, ड्रायव्हर भत्ता ४०० धरा, एकूण ४,६००, सहा जणांत माणशी पावणेआठशेच्या आत. टोल-पार्किंग वेगळं. आणि एर्टिगा सात सीटर म्हणजे ड्रायव्हर धरून सात, सातवा मित्र "ॲडजस्ट करतो" म्हणाला तरी आम्ही घेत नाही, उगं आग्रह करू नका. मागची सीट लावली की डिकीत जागा उरत नाही, मागच्या दोघांच्या मांडीवर बॅगा येतात, म्हणून एक जोड कपडे आणि टॉवेल, बास.

आता रूट. सगळे आधी कपिलधारला थांबतात कारण ते जवळ पडतं, मग मांजरसुंब्याला नाश्ता, मग आरामात पाटोद्याकडं, आणि नायगावच्या मयूर अभयारण्यात पोचेपर्यंत अकरा वाजलेले, ऊन चढलं की मोर झाडीत जाऊन बसतात, मग "काहीच नाही राव इथं" म्हणत परत. आम्ही उलटं सांगतो. पहाटे साडेपाचला बीड सोडा, कुठंही न थांबता थेट नायगाव, मोर बघा, मग सौताडा.

सौताड्याला विंचरणा नदी एकदम दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं मंदिर आहे. बरेच जण वरूनच फोटो काढून निघतात, तसं करू नका, पायऱ्या उतरून खाली जा, वर नुसता आवाज येतो, खाली गेलं की तुषार तोंडावर येतात आणि चष्मेवाल्याला दोन मिनिटं काही दिसत नाही. पायऱ्यांवर शेवाळ असतं, स्लिपर घालून येऊ नका. धारेखाली उभं राहून रील काढायचा मोह आवरा. श्रावणी सोमवारी गर्दी लई असते, जमलं तर मधला वार धरा.

कपिलधार परतीला. मन्मथस्वामींची समाधी आहे, दर्शन घ्या, धबधबा शेजारीच. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत मात्र तिकडं गाडी न्यायचा विचारच सोडा.

एवढं सगळं फिरून मीटर दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास असतो. म्हणजे पैसे भरलेले किलोमीटर शिल्लक! म्हणून मांजरसुंब्याहून सोलापूर हायवेनं सरमकुंडी फाट्यापर्यंत जाऊन या, खव्याचे पेढे घ्या, हे जाणं-येणं ३०० मध्येच बसतं, टोल तेवढा लागतो आणि २४ तासांत परत आलात तर फास्टॅगवर परतीचा टोल निम्माच कटतो. सप्टेंबरनंतर गेलात तर रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या दिसतील, बीडच्या सीताफळाला जीआय टॅग आहे, पण घेताना डोळे उघडलेलं, म्हणजे सालीवरच्या खवल्यांत फट पडलेलं घ्या, कडक घेतलं तर दोन दिवस घरी ठेवावं लागतं.

जेवण हॉटेलात एकदाच. सकाळसाठी घरून धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी आणा, सहा घरचे सहा डबे उघडले की हॉटेलची आठवण येत नाही.

एक नियम नीट वाचा. आमच्याकडं रात्री बारा वाजले की दुसरा दिवस लागतो. मागच्या वर्षी एक ग्रुप साडेपाचला निघणार होता, एक गडी उठलाच नाही, निघाले अकराला, सौताड्यालाच अंधार पडला, पुढं ढाब्यावर दोन तास, बीडला पोचले बारा वाजून वीस मिनिटांनी. वीस मिनिटांपायी दुसऱ्या दिवसाचं बिल लागलं. भांडण आमच्याशी झालं, जो उठला नव्हता त्याच्याशी कुणीच नाही भांडलं. शेवटी आम्ही निम्मं सोडलं, पण दरवेळी नाही सोडणार.

आणखी एक, गाडी आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण ड्रायव्हरसकट घ्याल तर पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं चालवायला परवानगी नसते, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात, हजार-पाचशे वाचवायच्या नादात ते परवडत नाही.

बुकिंगच्या आधी एक फोन करा, धबधब्याला पाणी आहे का ते आम्ही त्या रूटच्या ड्रायव्हरला विचारून सांगतो. पाऊस कमी असेल तर तारीख पुढं ढकला, दोन दिवस आधी कळवलं तर ॲडव्हान्स कापत नाही.