बायबलची मधली ओळ: एक खुलासा

पुण्यात कॅम्पापासून पिंपरीपर्यंत मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो: स्तोत्र ११८, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातला ११८वा अध्याय, हा बायबलचा मधला अध्याय, त्याच्या आधी ५९४ अध्याय, नंतर ५९४, बेरीज ११८८, म्हणून ११८:८ (अध्याय ११८, वचन म्हणजे ओळ ८) हे मधोमध असलेलं वचन.

आधी खरं काय ते. स्तोत्र ११७ सर्वांत लहान आणि ११९ सर्वांत मोठा अध्याय, हे बरोबर आहे. मधला अध्याय मात्र ११८ नाही. घरातलं ६६ पुस्तकांचं बायबल घ्या, अनुक्रमणिका उघडा. उत्पत्तीपासून ईयोबापर्यंत अध्याय भरतात ४७८. पुढचं पुस्तक स्तोत्रांचं, त्यातले पहिले ११७ मिळवा, ५९५. एकूण अध्याय ११८९, म्हणजे ५९५वा मधला, आणि तो स्तोत्र ११७. दोन्हीकडचे ५९४ त्याचे आहेत. कॅथलिक बायबलात पुस्तकं ७३, तिथे मध्य आणखी सरकतो. शिवाय अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात आणि आजचे वचनांक त्याहून नंतरचे. मूळ लेखकांनी हे आकडे घातलेच नव्हते.

मेसेज पाठवणाऱ्यांचा भाव खरा असतो. माणसावर भिस्त ठेवण्यापेक्षा परमेश्वराचा आश्रय बरा, हे ११८:८ सांगतंच. पण त्याचं वजन पानांच्या मध्यावर ठरत नाही. प्रेषितांची कृत्ये ५:२९ वाचा: न्यायसभेसमोर उभे असलेले प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, माणसांऐवजी देवाची आज्ञा मानायची असं ठामपणे सांगतात, आणि पुढे फटकेही खातात. नातेवाईक काय म्हणतील या धास्तीत प्रार्थनेतून घेतलेला निर्णय बदलू पाहणाऱ्याला मी हा अख्खा अध्याय पाठवेन.