डिसेंबरातलं झाकण

डिसेंबरात एखाद्या सकाळी साडेसहा-सातला वेताळ टेकडीच्या माथ्यावरून पुण्याकडे बघा. शहराच्या जागी करडा-तपकिरी थर दिसतो आणि त्याची वरची कड सुरीने कापावी तशी सरळ असते. कडेच्या वर आभाळ स्वच्छ. फिरायला आलेले बरेच जण कौतुकाने म्हणतात, "काय धुकं पडलंय!" थोडं धुकं असतंही, पण तपकिरी रंग त्याचा नव्हे.

एरवी जसजसं उंच जावं तसतशी हवा गार होते, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी. जमिनीलगतची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि धूर-धूळ सोबत नेते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री हा क्रम उलटतो. वर ढगांची गोधडी नसल्याने जमीन आपली ऊब आभाळात सोडून देते आणि भराभर निवते, तिला टेकलेली हवाही निवते. वरची हवा मात्र त्या मानाने उबदार राहते. खाली गार आणि जड, वर उबदार आणि हलकी, म्हणजे पातेल्यावर झाकणच. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खेड्यात थंडीच्या दिवसांत सांजवेळी चुलीचा धूर कौलांच्या जरा वर जातो आणि मग आडवा पसरतो, तो याच झाकणाला अडून.

पुण्याला तर पातेलंही आयतं मिळालं आहे. शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर, मुळा-मुठेच्या खोऱ्यात, बऱ्याच बाजूंनी टेकड्या. रात्री उतारावरची गार हवा पाण्यासारखी ओघळत खोलगट भागात साचते. थंडीतले वर्तमानपत्रातले आकडे पाहिलेत तर शिवाजीनगर आणि पाषाण हे उघड्या माळावरच्या लोहगावपेक्षा बरेचदा दोन-तीन अंशांनी गार असतात. जिथे गारवा साचतो तिथेच धूर साचतो.

आता गंमत अशी की शेकोट्या आणि जाळलेला पाचोळा सोडला, तर शहराचा धूर जुलैत आणि डिसेंबरात फारसा वेगळा नसतो. दुचाक्या त्याच, बांधकामंही तीच. बदलते ती धूर मावतो त्या खोलीची उंची, म्हणजे जमिनीपासून झाकणापर्यंतचं अंतर. दिल्लीत मे महिन्याच्या दुपारी जमिनीवरची हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत ढवळली जाते, जानेवारीच्या रात्री ती उंची काहीशे मीटरवर किंवा त्याहूनही खाली येते. खोलीची उंची दहाव्या हिश्श्यावर आली की तेवढाच धूर दसपट दाट होतो. १९५२ च्या डिसेंबरात लंडन असंच पाच दिवस झाकणाखाली राहिलं. घराघरांतल्या शेगड्यांचा आणि कारखान्यांचा कोळशाचा धूर कोंडला आणि हजारो माणसं मेली. त्या पाच दिवसांत वारा पडला होता हे खरं, पण कोळसा वाऱ्याने पेटवला नव्हता. आपल्याकडे दर हिवाळ्यात 'हवामानामुळे' हा शब्द ऐकला की मला हे आठवतं.

मुंबईला टेकड्यांचं पातेलं नाही, समुद्र आहे. दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, आणि पावसाळ्यात तर नैऋत्येचा अखंड झोत. पावसाळी हवा स्वच्छ असते याचं सगळं श्रेय आपण पावसाला देतो, ते मला पटत नाही. सरी जाड धूळ चांगली धुतात, पण फुप्फुसात खोलवर जाणारे अगदी बारीक कण थेंबांच्या तावडीतून बऱ्याच प्रमाणात निसटतात. समुद्रावरून येणारी ताजी हवा त्यांना ढकलून देते, हे काम मोठं. ऑक्टोबरात मोसमी वारे परतले की तो झोत थांबतो. खारे वारे उशिरा सुटतात, मतलई वारे रात्रभर शहराचा धूर समुद्रावर नेऊन ठेवतात, आणि दुपारी तोच उसना दिल्यासारखा परतही येऊ शकतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात काही दिवस मुंबईची हवा दिल्लीपेक्षा वाईट नोंदली गेली. सलग तिसऱ्या वर्षी ठाण मांडलेल्या ला निनाने, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार राहण्याच्या स्थितीने, वाऱ्यांची नेहमीची चाल बिघडवली, असं काही शास्त्रज्ञांनी सांगितलं.

वारा सुटला म्हणजे हवा स्वच्छ, असंही नाही. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून आलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यावर उतरलं, गाड्यांवर पांढुरकी पूड बसली आणि भर दुपारी सूर्य फिकट दिसला.

पुण्याचं झाकण रोज उघडतं, पण सावकाश. ऊन जमिनीवर पडावं लागतं, जमीन तापावी लागते, मग हवेला उकळी फुटते. नऊ-दहापर्यंत ती सरळ कड विरघळू लागते. त्याआधीचे दोन-तीन तास सगळ्यात वाईट, कारण झाकण अजून जागेवर असतं आणि शाळांच्या बसगाड्या, कामाला निघालेल्या दुचाक्या रस्त्यावर आलेल्या असतात. टेकडीच्या माथ्यावरची मंडळी तेव्हा थराच्या वर, चांगल्या हवेत असतात. साडेसातला सगळे गप्पा मारत चहाला खाली उतरतात, थेट त्या तपकिरी थरात.