सायलेन्सरचा पाइप कापताना: कटिंग व्हील की ग्राइंडिंग व्हील?

सायलेन्सरचा डबा गंजून भोकं पडली, पुढचा पाइप मात्र धडधाकट आहे, असं झालं की काम घरीच उरकावंसं वाटतं. ग्राइंडर असतो, खोक्यात दोन-चार चकत्याही पडलेल्या असतात आणि घोळ तिथेच होतो. कटिंगची चकती आणि ग्राइंडिंगची चकती दोन्ही काळ्या, दोन्ही खरखरीत, मधलं भोक सारखं, नटही तोच. मशीन काही तक्रार करत नाही, कुठलीही लावा, फिरवतं.

चकती आडवी न बघता कडेने बघा. कटिंग व्हील बहुधा १ ते १.६ मिमी जाडीचं असतं. ग्राइंडिंग व्हील साधारण ६ मिमी जाड आणि मध्यभागी खोलगट असतं, म्हणजे नट त्या खळग्यात बसतो आणि घासताना आड येत नाही. फरक एवढाच असता तर गोंधळ झालाच नसता. पण कटिंग व्हीलमध्येही एक खोलगट प्रकार मिळतो, जाडी ३ मिमीच्या आसपास, आणि तो घाईत हमखास फसवतो. म्हणून लेबल वाचायचं. ४१ म्हणजे सपाट कटिंग, ४२ म्हणजे खोलगट कटिंग, २७ म्हणजे ग्राइंडिंग. आकडे लक्षात राहत नसतील तर चित्र बघा: कटिंगच्या चकतीवर बहुधा आडवं घासण्याच्या चित्रावर काट मारलेली असते.

ती काट उगाच नाही. कटिंग व्हील म्हणजे रेझिनमध्ये घट्ट बसवलेले खरखरीत कण आणि त्यांना धरून ठेवायला काचेच्या धाग्यांची जाळी. कडेवरून सरळ आत येणारा दाब ते आरामात झेलतं, बाजूचा दाब मात्र त्याला अजिबात सोसत नाही. १०० मिमीची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर असतो. तुटलेला तुकडा साधारण त्याच वेगाने सुटतो.

हे मी एकदा स्वतःच्या हाताने करून बघितलं आहे, शहाणपणाने नव्हे, आळसाने. पाइप छान कापला गेला होता, कडेला थोडी धार उठली होती. चकती बदलायचा कंटाळा आला, म्हणून तीच आडवी टेकवून दोन सेकंद घासली. टक्क आवाज झाला, चकतीच्या कडेचा नखाएवढा तुकडा गार्डवर, म्हणजे चकतीवरच्या पत्र्याच्या आवरणावर, आदळला. गार्ड जागेवर होता म्हणून मी आज ही गोष्ट गंमतीने सांगतोय.

उलटी चूक, म्हणजे ग्राइंडिंगच्या चकतीने कापणं, त्या मानाने सौम्य. ती सहसा फुटत नाही, पण काम बिघडवते. या पाइपची भिंत बहुधा १.२ ते १.६ मिमी असते. १ मिमीचं व्हील त्यातून बारीक खाच काढतं, ६ मिमीची चकती सहापट धातू खाते. पाइप तापून निळा पडतो, कड पसरते, गोलाई जाते, आणि नवा डबा घालायला गेलात की तोंडावरच अडतो. मग ग्राइंडिंग व्हीलचं इथे काम काय? जुन्या वेल्डिंगचा उंचवटा उतरवायला किंवा गंजून गच्च झालेल्या बोल्टचं डोकं उडवायला ते उत्तम. चकती १५ ते ३० अंश तिरकी धरायची. खुद्द पाइप कापण्याच्या कामात मी ते खोक्यातच ठेवतो.

आता प्रत्यक्ष कापताना. ५० मिमीचा पाइप १०० मिमीच्या चकतीने एका दमात आरपार जात नाही, कारण नट आणि गिअरचा भाग वजा जाता खोली जेमतेम २५-३० मिमी मिळते. म्हणजे गोल फिरत कापायचं. सरळ रेषेसाठी कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळा, तिच्या कडा एकमेकींवर बरोबर जुळल्या की तीच खूण. अर्ध्यात खाच वाकडी चालली असं दिसलं तर चकती पिळून वळवू नका, बाहेर काढून नव्याने लावा. खाचेत पिळणं हासुद्धा बाजूचाच दाब. पाइप गाडीखाली रबरी टांगणीवर लोंबकळत असेल तर शेवटी तो खचतो आणि खाच मिटून चकतीला चावतो, मशीन हातातून झटका मारतं. दोन्ही बाजूंना खालून टेकू हवाच.

चकतीवर आयनॉक्स (INOX) लिहिलेलं असेल तर ती स्टेनलेससाठी आहे, तिच्यात लोहाचा अंश नसल्यासारखाच असतो, त्यामुळे कापलेल्या कडेवर गंजाचे ठिपके उठत नाहीत. चुंबक चिकटला म्हणून पाइप साधा लोखंडी असं मात्र धरू नका, गाडीसोबत येणाऱ्या पाइपांत वापरलं जाणारं ४०९ जातीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.

पेट्रोलची टाकी, इंधनाची किंवा ब्रेकची नळी जवळ असेल तर हा सगळा प्रश्नच बाद, कारण ठिणग्या दोन्ही चकत्या उडवतात. पाइप रबरातून सोडवून गाडीबाहेर काढता येत असेल तर आधी ते करा. रबर निघायला साबणाचं पाणी पुरतं. स्प्रेचं तेल मारून वर ग्राइंडर चालवायचा नसतो, ते पेट घेतं. बाहेर निघतच नसेल तर हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत, आणि पातळ भिंतीसाठी इंचाला ३२ दातांचं पातं. हात दुखतो, वेळ लागतो, पण ठिणगी पडत नाही.

आणि ती उठलेली धार? अर्धगोल कानस घ्या, आतून दोन फेरे, बाहेरून दोन, मग नव्या डब्याचं तोंड चढवून बघा.