कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा थर दिल्याने निचरा सुधारत नाही

कुंडी भरताना तळाशी फुटकी कौलं, विटा किंवा खडी घाला, म्हणजे पाणी साचत नाही, असं सोलापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. पडीक वस्तू कामी लावायची इच्छा चांगलीच आहे, पण त्या थराचा परिणाम उलटा होतो.

मातीच्या बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने, म्हणजे वातीत तेल चढतं तशा ओढीने, धरलेलं असतं. खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहज उतरत नाही. थराला टेकलेली माती चिंब झाल्यावरच पाणी खाली गळतं. म्हणजे चिंब पट्टा राहतोच, फक्त थराच्या उंचीइतका वर, मुळांजवळ येतो. 10 इंच खोल कुंडीत 3 इंच खापऱ्या घातल्या तर झाडाला माती उरते 7 इंच, आणि तिचाही तळ ओलागच्च. तिथेच मुळं कुजतात.

आपली काळी माती तर पाणी फारच धरते. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. कुंडीत ती एकटी भरूच नका. भरपूर कंपोस्ट आणि जाडसर वाळू मिसळा. विटांचे तुकडेही बारीक फोडून सगळ्या मातीत मिसळता येतात, थर मात्र नको. रंगाच्या जुन्या बादलीला तळाशी 5-6 भोकं पाडा आणि माती वाहू नये म्हणून त्यांवर फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा ठेवा. एवढं पुरतं.

उन्हाळ्यात इथला पारा 40 अंशांवर जातो, तेव्हा गच्चीवरच्या कुंड्यांत मातीवर ज्वारीच्या कडब्याचे तुकडे पसरा, ओल टिकते.