फरारी व इनामाचा जाहीरनामा : खानदेश

गुन्ह्याचा आरोप असलेली किंवा शिक्षा झालेली, परंतु अटक, खटला वा तुरुंग टाळण्यासाठी दडून बसलेली किंवा मुलूख सोडून गेलेली व्यक्ती म्हणजे फरारी. अशा व्यक्तीचे नाव, वर्णन, तिच्यावरील आरोप आणि तिला पकडून देणाऱ्यास मिळणारे बक्षीस लोकांना कळावे म्हणून सत्तेने प्रसृत केलेला मजकूर म्हणजे इनामाचा जाहीरनामा. त्यातील शरीरवर्णनाच्या भागाला जुन्या कागदपत्रांत आणि बोलण्यातही ‘हुलिया’ म्हणतात. पोलीस ठाण्यातील आजचे शब्द ‘पाहिजे असलेला आरोपी’, ‘पकड वॉरंट’ आणि ‘उद्घोषणा’ असे आहेत. खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांच्या प्रदेशात, गेल्या दोनशे वर्षांत असे जाहीरनामे वारंवार निघाले. दरोडेखोर, बंडखोर नाईक (भिल्लांचे प्रमुख), पेशव्यांचा कारभारी आणि स्वातंत्र्यसैनिक या सर्वांसाठी कागदाचा नमुना जवळपास एकच होता. त्यामुळे ‘कुख्यात’ हा शब्द वाचताना तो कोणाच्या लेखणीतून उतरला आहे हे आधी पाहावे लागते.

या प्रदेशात फरारी टिकून राहत, याचे पहिले कारण भूगोल आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि मधोमध तापीचे सपाट, सुपीक खोरे, अशी खानदेशाची रचना आहे. खोऱ्यात गावे, बाजार आणि महसूल. डोंगरात वाटा, पाणी आणि सोयरे. तोरणमाळ, अक्राणी, यावल आणि पाल या भागांतून एका रात्रीत दुसऱ्या राज्याच्या हद्दीत उतरता येई. त्या काळी पलीकडे होळकरांचा मुलूख, निमाड, बडोदेकरांचा प्रदेश आणि लहानमोठी संस्थाने होती, तर आज मध्य प्रदेश व गुजरात आहेत. हद्द ओलांडली की पाठलाग करणाऱ्या शिपायाचा अधिकार संपत असे, मात्र पळणाऱ्याची नाती संपत नसत.

छापील कागद येण्यापूर्वी जाहीरनामा कानांनी ऐकला जाई. आठवड्याच्या बाजाराला गर्दी जमली की दवंडीवाला चौकात उभा राही, डफावर किंवा हलगीवर टिपरू मारी आणि ‘ऐका हो ऐका’ म्हणत हुकूम सांगे. तोच हुकूम चावडीवर वाचून दाखवला जाई आणि पाटील-कुलकर्ण्यांना तो ऐकल्याचे मान्य करावे लागे. दवंडीइतकीच महत्त्वाची होती ती माग काढण्याची जबाबदारी. खानदेशात गावच्या जागल्याचे काम बहुधा भिल्लांकडे असे. चोराच्या पावलांचा माग ज्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचे, त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा किंवा नुकसान भरून द्यायचे, अशी वहिवाट होती. या व्यवस्थेत फरारी ही सगळ्या गावाची जोखीम होती. पुढे सरकारने एकेका माणसाला बक्षिसाचे आमिष दाखवले, तेव्हा ही सामायिक जोखीम सैल झाली, आणि हा बदल इनामाच्या रकमेपेक्षा अधिक खोलवर गेला.

एका जाहीरनाम्याने किती साधते आणि किती साधत नाही, हे त्रिंबकजी डेंगळे यांच्या प्रकरणात स्पष्ट दिसते. दुसऱ्या बाजीरावाचा हा कारभारी. २० जुलै १८१५ रोजी पंढरपूर येथे बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला आणि इंग्रजांनी त्याचा ठपका त्रिंबकजींवर ठेवून त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात गोऱ्या पहाऱ्यात कोंडले. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते, आणि तोच बंदोबस्तातील दोष ठरला. किल्ल्यातील एका अधिकाऱ्याकडे नोकरीला लागलेला मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, घोडा फिरवताना कोठडीच्या खिडकीखालून गाणी म्हणत असे. पळून जाण्याचा बेत त्या गाण्यांतून आत पोहोचत होता आणि बंदूकधारी शिपाई ते नुसते ऐकत उभे होते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून त्रिंबकजी निसटले. त्यानंतर नाशिक-खानदेशचे डोंगर आणि शंभू महादेवाची रांग यांच्या आश्रयाने त्यांनी भिल्ल, रामोशी व घोडेस्वार जमवले. त्यांचा पुतण्या गोदाजी डेंगळे खानदेशात सैन्य उभे करीत होता.

मे १८१७ मध्ये पुण्यातील इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने पेशव्यांना निर्वाणीचा खलिता दिला : महिन्याच्या आत त्रिंबकजी ताब्यात द्या आणि तोपर्यंत सिंहगड, पुरंदर व रायगड तारण ठेवा. नाइलाजाने पेशव्यांनी आपल्याच माणसाविरुद्ध जाहीरनामा काढला. पकडून देणाऱ्यास दोन लाख रुपये आणि इनाम गाव, असे त्यातील आमिष होते. त्या काळात ही रक्कम अचाट होती. तरीही वर्षभर कोणी पुढे आले नाही, कारण ज्याच्या नावाने जाहीरनामा निघाला त्या धन्याची खरी इच्छा काय आहे हे लोक जाणून होते. पेशवाई बुडाल्यावर मात्र चित्र पालटले. खानदेशचा कारभार हाती घेतलेल्या कॅप्टन ब्रिग्जला ठावठिकाणा कळला आणि २९ जून १८१८ रोजी कॅप्टन स्वान्स्टनच्या स्वारांनी निफाडजवळच्या अहिरगावात वाड्याला वेढा घातला. खाटेवर पडलेले त्रिंबकजी माडीवर धावले आणि पेंढ्यात लपले. तेथून त्यांना ओढून काढण्यात आले. चुनारच्या किल्ल्यात कैदेत असताना १८२९ मध्ये त्यांचे निधन झाले.

कंपनी सरकारच्या पहिल्या सात वर्षांत भिल्ल नाईकांविरुद्ध फौजा, घाटांची नाकेबंदी आणि फाशी हे सारे उपाय झाले, तरी एका नाईकाला पकडले की दुसरा उभा राही. अखेर १८२५ मध्ये धोरण बदलले. भिल्ल एजन्सी स्थापन झाली आणि लेफ्टनंट जेम्स औट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास सुरुवात केली. चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरील घाटाला त्याचेच नाव राहिले आहे. पकडण्याच्या जाहीरनाम्याऐवजी आता माफीचा कौल फिरू लागला : जो खाली येईल त्याला मागचे गुन्हे माफ, शेतीसाठी तगाई (सरकारी कर्ज) किंवा पलटणीत नोकरी. काल ज्याच्या डोक्यावर इनाम होते तो आज सरकारी पट्टा बांधून दुसऱ्या फराऱ्याचा माग काढू लागला. खानदेशातील फराऱ्यांच्या इतिहासातील सर्वांत परिणामकारक कागद कोणता, असे विचारल्यास प्रस्तुत लेखक या माफीच्या कौलाकडे बोट दाखवील.

मात्र पट्टा बांधलेला माणूस पुन्हा डोंगरात जाऊ शकतो, हे १८५७ मध्ये दिसले. खाज्या नाईक यांच्याकडे मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाची राखण होती. उठाव सुरू होताच त्यांनी ती सोडली आणि त्या वर्षाच्या अखेरीस इंदूरहून मुंबईकडे जाणारा सुमारे सात लाखांचा खजिना त्यांनी व भीमा नाईक यांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे मोठी लढाई झाली आणि तीत हाती लागलेल्या अनेक भिल्लांना गोळ्या घालण्यात आल्या. दोघेही नाईक मात्र निसटले. खाज्या नाईक यांना १८६० मध्ये विश्वासातल्या माणसाकडून दग्याने मारण्यात आले, तर भीमा नाईक १८६७ पर्यंत हाती लागले नाहीत आणि पुढे अंदमानात मरण पावले.

त्याच उठावाने हुलियाच्या मर्यादाही उघड केल्या. नानासाहेब पेशवे यांच्यासाठी इंग्रजांनी एक लाख रुपयांचे इनाम लावले होते आणि वय, बांधा, रंग, चेहऱ्याची ठेवण यांचे वर्णन देशभर धाडले होते. परिणाम असा झाला की वर्णनाशी थोडेफार जुळणारे बैरागी, गोसावी आणि वाटसरू पुढील कित्येक वर्षे जागोजागी पकडले जात राहिले. १८७४ मध्ये खुद्द जयाजीराव शिंदे यांनी एका माणसाला नानासाहेब समजून इंग्रजांच्या हवाली केले. ओळख पटवणाऱ्या साक्षीदारांना विचारल्यावर तो दुसराच निघाला. ‘मध्यम बांधा, गहूवर्णी, वय अंदाजे पस्तीस’ एवढ्यावर आपल्याकडील निम्मे पुरुष संशयित ठरू शकतात. छायाचित्रे आली, १८९७ मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले, आणि मग कुठे पकडलेला माणूस तोच आहे की नाही हे खात्रीने सांगता येऊ लागले. परंतु ठसे जुळवायला माणूस आधी हाती यावा लागतो, आणि तेथवर पोहोचवणारा दुवा माणूसच राहिला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे तंट्या भिल्ल. निमाडात जन्मलेले तंट्या १८७८ मध्ये खांडव्याच्या तुरुंगातून निसटले आणि पुढची जवळपास अकरा वर्षे निमाड, होळकरांचा मुलूख आणि लगतचा खानदेश या टापूत वावरत राहिले. सावकार आणि मालगुजार यांना लुटावे, त्यातले गरिबांत वाटावे, कोणाच्या मुलीचे लग्न लावून द्यावे, अशी त्यांची कीर्ती. सरकारी कागदात ते दरोडेखोर होते आणि पाड्यापाड्यांवर ‘तंट्यामामा’. मामा या नात्यात आईच्या माहेरचा हक्क असतो, आणि मामाला धरून देणारा भाचा कोणत्या तोंडाने गावात राहणार? त्यांच्यासाठी खास पोलीस नेमले, इनामे वाढवली, तरी उपयोग होईना. शेवटी १८८९ मध्ये ते पकडले गेले ते नात्यातूनच. मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने राखीच्या निमित्ताने घरी बोलावून घात केला, असे सांगितले जाते. अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नोव्हेंबर १८८९ मध्ये त्यांना हिंदुस्थानचा रॉबिनहूड म्हटले. ४ डिसेंबर १८८९ रोजी त्यांना जबलपूर येथे फाशी झाली. महूजवळ पाताळपाणी येथे त्यांचे स्मारक आहे आणि सातपुड्याच्या दोन्ही अंगांना त्यांची गाणी आजही म्हटली जातात.

एका माणसाऐवजी संपूर्ण जमातीलाच संशयित ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये आला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. त्याखाली नोंदल्या गेलेल्या जमातींतील माणसांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडण्यासाठी परवाना घ्यावा लागे आणि हजेरी चुकली की माणूस आपोआप फरारी ठरे; म्हणजे गुन्हा न करताही फरारी होण्याची सोय कायद्यानेच केली होती. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. संशयाची सवय मात्र त्याबरोबर गेली नाही, आणि पारध्यांच्या पालावर आजही तिचा दाह पोहोचतो.

१९४२ च्या आंदोलनात ‘फरारी’ शब्दाला ‘भूमिगत’ हा मानाचा पर्याय मिळाला. अमळनेर ही साने गुरुजींची कर्मभूमी. ते त्या काळात भूमिगत राहिले व १९४३ मध्ये मुंबईत पकडले गेले. अमळनेरच्याच लीलाताई पाटील शिक्षा भोगत असताना निसटल्या आणि पती डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासह साताऱ्याच्या प्रतिसरकारशी जोडल्या गेल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे येथे धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला. त्यात जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी हे साताऱ्याकडील कार्यकर्ते होते. अनोळखी मुलखात त्यांना वाटा, भाकरी आणि आसरा खानदेशातील घरांनी पुरवला. यापूर्वी वर्षानुवर्षे जो मुलूख ‘गुन्हेगारांना थारा देणारा’ म्हणून सरकारी अहवालांत बदनाम होता, त्याच्या त्याच सवयीला आता देशभक्ती म्हटले जाऊ लागले.

आजची पद्धत कायद्याने बांधलेली आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ८२ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ८४ ने घेतली आहे. आरोपी वॉरंट चुकवून दडला आहे अशी न्यायालयाची खात्री झाली तर ते उद्घोषणा काढते आणि हजर होण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत देते. ही उद्घोषणा अंमलात आणण्याचा प्रसंग एकदा जवळून पाहण्यासारखा असतो. हवालदार दोन पंच घेऊन आरोपीच्या गावी येतो. गावातल्या ठळक जागी मजकूर मोठ्याने वाचला जातो. मग सारे आरोपीच्या घराकडे जातात. बहुतेक वेळा उंबऱ्यात म्हातारी आई किंवा बायको उभी असते. तिच्या देखत दाराच्या फळीवर खळ लावून कागद डकवला जातो, छायाचित्र घेतले जाते, पंचनामा लिहिला जातो, पंच सह्या किंवा अंगठे करतात. एक प्रत न्यायालयाच्या इमारतीवर लागते आणि हुकूम असल्यास वर्तमानपत्रातही छापली जाते. दवंडी गेली, पण मोठ्याने वाचून दाखवण्याची अट कायद्याने राखली आहे.

आरोपी मुदतीत हजर न झाल्यास त्याच संहितेच्या कलम ८५ खाली त्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत त्याला ‘उद्घोषित अपराधी’ ठरवता येते. त्यासाठी स्वतंत्रपणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘जिवंत अथवा मृत’ या शब्दांना आपल्या कायद्यात स्थान नाही. उद्घोषित अपराध्याला सामान्य नागरिकही अटक करू शकतो, परंतु सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. आरोप निश्चितीनंतर ९० दिवस उलटल्यावर, ठरलेल्या अटी पाळून, अशा आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची तरतूदही नव्या संहितेत आहे. आर्थिक गुन्ह्यांत १०० कोटी रुपये वा अधिक रकमेचे प्रकरण असून आरोपी परदेशी पळाला असेल, तर २०१८ चा स्वतंत्र कायदा लागू होतो.

गावाची जुनी जबाबदारीही पूर्णपणे मिटलेली नाही. गावात उद्घोषित अपराधी आल्याचे किंवा गावावरून गेल्याचे कळल्यास ते जवळच्या दंडाधिकाऱ्यास वा पोलीस ठाण्यास ताबडतोब कळवणे हे गावकामगारांचे कर्तव्य आहे आणि १९७३ च्या संहितेने अशा माणसांच्या यादीत ‘ठग’ हा शब्दही ठेवला होता. प्रत्यक्षात हा भार पोलीस पाटलावर पडतो, आणि चोपडा, शिरपूर किंवा धडगावच्या सीमेवरील पाड्यात त्याला कायद्याइतकेच सोयऱ्यांनाही तोंड द्यावे लागते. फराऱ्याला आसरा देणे हा गुन्हा आहे. भाऊ, मित्र, शेजारी, कोणीही त्यातून सुटत नाही. अपवाद एकच : आसरा देणारी व्यक्ती फराऱ्याची पत्नी किंवा पती असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २४९ तिला लागू होत नाही.