पंचवीसची रेघ: विनानंबरच्या ई-स्कूटरची कायदेशीर पार्श्वभूमी

नंबर प्लेट नसलेली विजेची स्कूटर रस्त्यावर दिसली की ती कायदेशीर आहे का, असा प्रश्न हमखास पडतो. त्याचे उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील एका व्याख्येपासून सुरू होते. कलम २(२८) नुसार, चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. ही सवलत इतकी तोकडी होती की ५० सीसीची लूनासुद्धा तिच्यात बसत नव्हती.

विजेच्या मोटारीला सीसी नसतात. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) मध्ये वेगळे माप घालून देण्यात आले. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, या त्यातील मुख्य अटी आहेत. त्या पूर्ण होतात याची खात्री पुण्यातील एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने करावी लागते. तसे झाले, तरच ती स्कूटर मोटार वाहन मानली जात नाही आणि तिला नोंदणी, लायसन्स व विमा यांची सक्ती लागू होत नाही. हेल्मेटची सक्तीही त्याच वाटेने गळून पडते, आणि माझ्या मते ही या सवलतीतील सर्वांत दुखरी बाजू आहे. कारण डोके रस्त्यावर आपटताना गाडी कोणत्या व्याख्येत बसते याने काहीच फरक पडत नाही.

‘तीस मिनिटांची शक्ती’ हा शब्दप्रयोगही नीट समजून घ्यायला हवा. मोटार सलग अर्धा तास जेवढी शक्ती देऊ शकते, तेवढीच त्यात मोजली जाते. चढावर किंवा सुटताना क्षणभर तीच मोटार याहून बरीच अधिक शक्ती देऊ शकते. त्यामुळे वेगाला खरा लगाम बहुधा कंट्रोलर, म्हणजे मोटारीला किती वीज द्यायची हे ठरवणारा भाग, घालतो, आणि नेमका तोच सैल करणे सोपे असते. अनेक गाड्यांत सीटखाली किंवा पायाखालच्या झाकणाआड कंट्रोलरपासून निघालेली एक बारीक वायर असते. तिची जोडणी सोडवली की वेगाची मर्यादा उठते आणि पंचवीसची गाडी पन्नासच्या घरात जाऊ शकते. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. ब्रेक, टायर आणि सांगाडा मात्र पंचवीसच्याच हिशेबाचे राहतात.

कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी सवलत संपते. तीच स्कूटर आता नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन ठरते, आणि अपघातात कोणी जखमी झाल्यास भरपाईचा भार थेट मालकावर येऊ शकतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून गाडी घेऊन देणाऱ्या कित्येक पालकांना याची कल्पना नसते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार, मोटार वाहनात बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नियमबाह्य वाहन विकणाऱ्यास प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. दुकानदाराची जबाबदारी मोठी धरली आहे, ते योग्यच आहे.

२०२२ हे वर्ष या विषयात महत्त्वाचे ठरले. मार्चमध्ये पुण्यात रस्त्यालगत उभी असलेली एक ई-स्कूटर पेटली, आणि त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीच्या धुराने बाप-लेकीचा जीव गेला. त्यानंतर बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले. सुधारित अटींचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. महाराष्ट्रात त्याच वर्षी परिवहन विभागाने वेग वाढवलेल्या ई-बाईकची तपासणी हाती घेतली. रस्त्यावरच्या अशा तपासणीत केवळ प्रमाणपत्र पाहून भागत नाही; प्रमाणपत्र कारखान्यातून निघालेल्या गाडीचे असते, आणि वायर दुकानात सुटलेली असते.