मिस्साविधीसाठीचा पोशाख

रविवारची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना), सणांची उपासना आणि बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी यांसाठी कॅथलिक चर्चमध्ये जाताना कपड्यांबाबत पाळले जाणारे संकेत. लेखी नियम फार थोडे आहेत. बाकीचे रूढी, हवामान आणि त्या-त्या धर्मग्रामाची (एका चर्चच्या हद्दीतील भाविकसमूहाची) सवय यांवर ठरते. प्रस्तुत नोंदीत वसई, मुंबई आणि गोवा येथील प्रघातांवर भर दिला आहे. धर्मगुरूंच्या विधिवस्त्रांचा विषय वेगळा असल्याने त्यांचा उल्लेख ओघापुरताच येतो.

नियम काय सांगतो

१९१७ च्या कॅनन कायद्यातील, म्हणजे चर्चच्या धर्मनियमांच्या संहितेतील, १२६२ व्या कलमात पोशाखाचा स्पष्ट उल्लेख होता. पुरुषांनी डोके उघडे ठेवावे आणि स्त्रियांनी डोके झाकून मर्यादशील वेशात यावे, विशेषतः ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेताना, असे ते कलम सांगे. पुरुषांच्या बाबतीत स्थानिक लोकरूढी वेगळी असल्यास सूटही होती. या नियमामागे संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील अकरावा अध्याय आहे. १९८३ च्या नव्या कायद्यात हे कलम घेतलेले नाही, त्यामुळे डोक्यावर पदर किंवा स्कार्फ घेणे आज ऐच्छिक आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १३८७ व्या परिच्छेदात एवढेच म्हटले आहे की, ख्रिस्तप्रसाद घेताना हावभावांतून आणि कपड्यांतून त्या क्षणाचा आदर, गांभीर्य आणि आनंद दिसावा. ब्लाउजची बाही किती इंच असावी याचा उल्लेख चर्चच्या कोणत्याही सार्वत्रिक कायद्यात नाही.

चर्चच्या दाराशी लागणाऱ्या पाट्या त्या-त्या धर्मग्रामाच्या किंवा धर्मप्रांताच्या असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत हे त्यांतले सर्वसाधारण माप. रोमच्या सेंट पीटर्स बासिलिकेतही तेच लागू आहे. अशा पाट्यांवर स्त्रियांच्या कपड्यांची यादी लांबलचक असते आणि पुरुषांसाठी जेमतेम एक ओळ. प्रत्यक्षात बर्मुडा, थ्री-फोर्थ आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून येणारे पुरुषच अधिक दिसतात.

घरी करायची चाचणी

मिस्सा साधारण एक तास चालते. त्यात बसणे, उभे राहणे आणि गुडघे टेकणे असे तिन्ही येते. शिवाय दारातून आत आल्यावर किंवा बाकात शिरण्यापूर्वी उजवा गुडघा जमिनीला लावून वंदन केले जाते. म्हणून आरशासमोर उभे राहून कपडे पारखण्यात अर्थ नाही. घरी एकदा खुर्चीवर बसावे, उठावे, दोन्ही गुडघे टेकून पुढे वाकावे आणि हात खांद्याच्या वर न्यावेत. या चारही हालचालींत कपडा ओढावा लागला नाही तर तो चालतो. अरुंद स्कर्ट उभे राहिल्यावर गुडघ्याखाली असतो, पण गुडघे टेकताच वर चढतो. कमरेला खाली बसणारी जीन्स आणि आखूड शर्ट यांचा दोष घालणाऱ्याला कळत नाही, मागच्या बाकावरच्यांना कळतो. शर्ट बाहेर ठेवायचा तर तो पट्ट्याच्या खाली निदान वीतभर यावा, नाहीतर आत खोचावा. लेगिंग्जवर कुर्ती मांडीच्या मध्यापर्यंत तरी हवी आणि तिची बाजूची चीर कमरेपर्यंत नसावी.

पांढरा सुती कुर्ता घरच्या उजेडात जाड वाटतो; चर्चच्या उंच खिडकीसमोर उभे राहिले की आरपार दिसतो. आतून बनियन किंवा स्लिप घालावी. एप्रिल-मेमध्ये कोकणपट्टीतील भरलेल्या चर्चमध्ये पंखे पुरत नाहीत, तेव्हा पॉलिएस्टरचा शर्ट घामाने पाठीला चिकटतो. सुती किंवा सुती मिश्रणाचे सैल कपडे चांगले. अत्तर मात्र बेताचेच लावावे, कारण दाटीने बसलेल्यांत कोणाला तरी त्याने डोके धरते. सणाच्या दिवशी धूपही असतोच.

साडी आणि लुगडे

साडी हा मर्यादेचा पोशाख मानला जातो, त्यामुळे तिची वेगळी काळजी घ्यावी लागत नाही असा समज आहे. मिस्सेत सर्वांत जास्त फजिती साडीचीच होते. गुडघे टेकताना पुढच्या निऱ्या गुडघ्यांखाली दबतात. उठताना शरीर वर येते, कापड मात्र खालीच अडकलेले असते, आणि निऱ्या कमरेतून सुटतात. टेकण्यापूर्वी एका हाताने निऱ्या गुडघ्यांजवळ चार बोटे वर उचलून ढील द्यावी. उठताना आधी एक पाय पुढे घेऊन कापड मोकळे करावे आणि मग उभे राहावे. निऱ्या एकत्र धरून आतल्या बाजूने परकराला सेफ्टी पिन लावली तर ही भीती राहत नाही.

दुसरी अडचण पदराची. मोकळा पदर बाकाच्या पाठीवरून मागे पडतो. मागच्या रांगेतली माणसे गुडघे टेकून त्याच पाठीवर कोपरे आणि गीतांची वही ठेवतात. पुढची बाई उठली की पदर खांद्यावरून खेचला जातो, कधी रेशीम फाटते. पदर खांद्यावर पिन करून त्याचे टोक पुढे मांडीवर घ्यावे, ओढणीचेही तेच. नाताळच्या जरीच्या साड्यांना बाकाचा सुटलेला खिळा किंवा लाकडाची कुसळ हमखास लागते. बसण्याआधी हाताने चाचपून पाहिलेले बरे.

वसईतील सामवेदी, म्हणजे कुपारी, समाजातील वृद्ध स्त्रियांचे लाल लुगडे आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचे चौकडीचे लुगडे आता मुख्यतः सणाला, लग्नाला आणि सांस्कृतिक कार्यक्रमांना दिसते. कासोट्यामुळे गुडघे टेकायला ते पाचवारीपेक्षा सोयीचे पडते. गोव्यात पूर्वी कॅथलिक स्त्रिया चर्चला जाताना अंगावरच्या कपड्यांवरून डोक्यासकट ‘ओल’ नावाची पांढरी चादर घेत. ती आता मांडो आणि लोकनृत्यांच्या मंचापुरती उरली आहे.

डोके आणि पाय

पुरुषांनी टोपी, हेल्मेट, हूड दाराशीच उतरवायचे असते. पगडी किंवा फेटा हा वेशाचा भाग असेल तर कोणी अडवत नाही. बिशपांची छोटी गोल टोपीही मिस्सेच्या मुख्य भागात उतरवली जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डोके झाकू इच्छिणाऱ्या स्त्रियांनी जाळीचा किंवा सुती स्कार्फ घ्यावा. सॅटिनचा घसरतो आणि सगळा वेळ तो सावरण्यात जातो. स्पॅनिश पद्धतीच्या मँटिलामध्ये, म्हणजे डोक्यावरच्या लेसच्या ओढणीत, विवाहितांनी काळा आणि कुमारिकांनी पांढरा असा संकेत आहे. लॅटिन मिस्सेला जाणारे तो अजून पाळतात, बाकी ठिकाणी कोणी विचारत नाही.

पादत्राणांबाबत भारतात दोन रिती आहेत. १९६९ मध्ये रोमने भारतीय उपासनेसाठी बारा अनुकूलने मान्य केली. त्यांत पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे आणि धर्मगुरूंनी साधा झगा व अंगवस्त्र घालणे यांचा समावेश होता. आश्रम आणि काही प्रार्थनालये ही रीत पाळतात. मुंबई, वसई, गोव्यातील बहुतेक चर्चमध्ये मात्र चपला-बूट घालूनच बसतात. दाराशी जोडे दिसले तर काढावेत, न दिसल्यास आत जावे. टोकदार टाचांचा आवाज फरशीवर शेवटच्या बाकापर्यंत जातो. फटफट वाजणारी रबरी स्लिपर त्याहून वाईट. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि रेनकोट पोर्चमध्येच ठेवावेत, कारण त्यांचे पाणी गुळगुळीत फरशीवर सांडले की ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत म्हातारी माणसे घसरतात.

ख्रिस्तप्रसादाची रांग

हातावर ख्रिस्तप्रसाद घ्यायची मुभा असलेल्या ठिकाणी उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवतात आणि प्रसाद मिळाल्यावर उजव्या हाताने उचलून तिथेच मुखात घालतात. दोन्ही हात मोकळे हवेत. पर्स खांद्यावरून तिरकी अडकवावी, मोबाइल आणि किल्ल्या हातात नकोत. तळव्यावर लोंबणारी लांब बाहीची लेस मागे सारावी, तिच्यात प्रसादाचा कण अडकू शकतो. हातमोजे काढावेत. बाळ कडेवर असेल किंवा हातात काठी असेल तर सरळ जिभेवर घ्यावा. प्रसाद द्राक्षारसात बुडवून दिला जातो तेव्हा तो जिभेवरच घ्यायचा असतो, तळवे पुढे करू नयेत.

सेवा करणाऱ्यांसाठी

वाचनासाठी वेदीकडे जाणाऱ्याला दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर असतात. कपड्याचा घोळ पायरीवर पायाखाली येत नाही ना, हे आधी पाहावे. काचेच्या बांगड्या पुस्तकावर किंवा माइकच्या दांड्याला आपटून खणखणतात. वाचनापुरत्या त्या वर सरकवाव्यात. छातीवर मजकूर छापलेला टी-शर्ट वाचकाने घालू नये, लोक कान सोडून डोळ्यांनी तोच वाचत बसतात.

वेदीसेवक मुलांचे झगे सामायिक असतात, तिथेच घोळ होतो. झग्याची कड घोट्याशी यावी. जमिनीला टेकणारा झगा घालून पेटती मेणबत्ती नेणारे मूल पायरीवर अडखळते. झगा मोठा असेल तर कमरेच्या दोरीवरून थोडा वर ओढून घ्यावा. झग्याखालून चमकणारे रंगीत बूट टाळून काळे किंवा तपकिरी बूट घालायला सांगावे.

गोव्यातील धर्मबंधुसंघांचे सभासद, म्हणजे कोफ्राद, मिरवणुकीत ‘ओपमूस’ घालतात. हा पांढरा किंवा रंगीत झगा आणि त्यावरची आखूड खांदेवस्त्री असा जोड असतो. तो कोणी आणि कोणत्या सणाला घालावा हा मानाचा प्रश्न असून त्यावरून गावागावांत वाद झालेले आहेत. पाहुण्याने हौसेने तो मागू नये.

विशेष दिवस

धर्मगुरूंची वस्त्रे उपासनाकाळानुसार हिरवी, जांभळी, पांढरी, लाल असतात. भाविकांवर ते रंग बंधनकारक नाहीत, तरी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात साधे आणि फिके कपडे घालण्याची, दागिने उतरवण्याची चाल आहे. राखेच्या बुधवारी कपाळ मोकळे ठेवावे. राख कधी बोटाने क्रूसाच्या आकारात लावतात, कधी टाळूवर शिंपडतात. ती पांढऱ्या कॉलरवर उतरते. पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी निवडलेल्यांनी सैल विजार घालावी. घट्ट जीन्स वर सरकत नाही आणि धर्मगुरू तसेच खाली वाकून थांबतात. लेसचे बूटही टाळावेत. २०१६ पासून या विधीसाठी स्त्रियांनाही निवडता येते. त्यांना घोट्याच्या वर येणारा सैल घोळ सोयीचा. शुभ शुक्रवारी काळे किंवा गडद कपडे घालतात. क्रूसवंदनाला अनवाणी जाणारे पुष्कळ असतात.

ईस्टरच्या रात्री प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती असते. त्या रात्री नायलॉन-जॉर्जेटची ओढणी, मोकळे केस आणि झुलत्या बाह्या धोक्याच्या. पुढच्याच्या पाठीपासून ज्योत हातभर दूर धरावी आणि मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती घालावी. पेटती मेणबत्ती तिरकी न करता, विझलेली तिच्याकडे तिरकी करून पेटवली तर मेण सांडत नाही. कपड्यावर पडलेच तर पुसू नये. बर्फाने कडक करून खरवडावे, मग वर-खाली कोरा तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. वर्तमानपत्राची शाई उतरते, म्हणून ते वापरू नये.

लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी

वधूचे गाऊन शिवून झाल्यावर त्यावरून धर्मग्रामाच्या कार्यालयात तणतण होणे नेहमीचे आहे. पाठ उघडी किंवा बिनखांद्याचा गाऊन बहुतेक ठिकाणी तसाच चालत नाही. त्यावर लेसचे आखूड जाकीट विधीपुरते घालून पुढे समारंभात काढता येते. कापड घेण्याआधी कार्यालयात विचारावे. गाऊनखालच्या कडक रिंगांचा दोष वेगळाच. गुडघे टेकताच पुढची रिंग दुमडून गाऊन समोरून टांगल्यासारखा उचलला जातो. रिंगांऐवजी जाळीचे थर असलेला परकर घालावा.

बाप्तिस्म्याच्या बाळाला मागून बटणे असलेला झगा घालू नये. छातीवर आणि टाळूवर तेल लावायचे असते, पाणी डोक्यावर ओततात. पुढून उघडणारा झगा, बिनटोपीचे डोके आणि हाताशी सुती पंचा एवढे पुरे. विधीत बाळाला शुभ्र वस्त्र दिले जाते, ते इस्त्री करून वेगळे ठेवावे. पवित्र तेलाचा डाग लगेच धुऊ नये. त्यावर टाल्कम पावडर किंवा बेसन तासभर ठेवून झटकावे आणि मग साबण लावावा.

प्रथम ख्रिस्तप्रसादाला मुली पांढरा फ्रॉक आणि जाळी, मुले पांढरा शर्ट घालतात. झगमगाटाची चढाओढ नको म्हणून अनेक धर्मग्राम एकच शिलाई ठरवून देतात, आणि ते योग्यच आहे. अंत्यविधीला काळा किंवा पांढरा रंग, बिनचमकीचे कापड. घाईत निघालेल्याने रोजच्याच स्वच्छ कपड्यांत यावे, तिथे कोणी रंग मोजत नाही.

कॅथलिक नसलेले पाहुणे

लग्नाला किंवा मिस्सेला आलेल्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध पाहुण्यांनी कुंकू, मंगळसूत्र, हिजाब, पगडी यांपैकी काहीही उतरवण्याची गरज नसते. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी बाकातच बसून राहावे, रांग जाऊ द्यावी. जुन्या गोव्यातील बाँ जेझू बासिलिका किंवा से कॅथेड्रल पाहायला समुद्रकिनाऱ्यावरून थेट येणाऱ्यांनी पिशवीत एक मोठा सुती पंचा किंवा ओढणी ठेवावी. कमरेला गुंडाळली की गुडघे झाकतात, खांद्यावर घेतली की खांदे.